संस्कृतच्या विद्यार्थ्याने आयर्लंडमध्ये आयरिश भाषा शिकावी का?

पुण्यात संस्कृत घेऊन बी. ए. केल्यानंतर आयर्लंडमधील विद्यापीठात आयरिश हा मुख्य विषय घेता येईल का, आणि शाळेत ती भाषा कधीच न शिकलेल्या परदेशी विद्यार्थ्याचा तिथे निभाव लागेल का, असे आपण विचारले आहे. विषय घेता येतो आणि निभावही लागतो. मी स्वतः डब्लिनमध्ये नवशिक्यांच्या वर्गापासून ही भाषा शिकले. मात्र आधुनिक आयरिश आणि प्राचीन आयरिश हे दोन निराळे अभ्यास आहेत. त्यांपैकी आपल्याला काय हवे आहे, हे अर्ज करण्यापूर्वीच ठरवावे.

आधुनिक आयरिशची नेहमीची पदवी ही प्राथमिक शाळेपासून शालान्त परीक्षेपर्यंत भाषा शिकून आलेल्या मुलांसाठी आखलेली असते आणि तिची बरीच व्याख्याने आयरिशमध्येच होतात. काही विद्यापीठांत नवशिक्यांसाठी वेगळा वर्ग असतो. तो त्या वर्षी भरणार आहे की नाही, हे विभागाला लिहून विचारावे.

मराठी माणसाला हे व्याकरण वाटते तितके परके नाही. ‘जेवलास का?’ याला आपण ‘जेवलो’ असे उत्तर देतो, तसेच तिथेही क्रियापदच परत म्हटले जाते, कारण ‘हो’ आणि ‘नाही’ यांसाठी स्वतंत्र शब्दच नाहीत. ‘माझ्याजवळ पुस्तक आहे’ ही रचनाही तशीच आहे. अवघड जाते ते शब्दाच्या पहिल्याच वर्णात होणारे बदल: मांजराला ‘कॅट’च म्हणतात, पण ‘माझे’ या अर्थाच्या शब्दानंतर त्याचा उच्चार ‘खॅट’ असा आणि ‘आमचे’नंतर ‘गॅट’ असा होतो, त्यामुळे सुरुवातीला शब्दकोशात नेमके कुठे पाहावे हेच कळत नाही. संधिनियमांची सवय असलेल्या विद्यार्थ्याला इथे निश्चितच मदत होते.

वर्गात वाचन-लेखन उत्तम होते. बोलणे मात्र वर्गात येत नाही, आणि याबद्दल माझे मत ठाम आहे. २०२२च्या जनगणनेत अठरा लाखांहून अधिक लोकांनी आयरिश बोलता येते असे नोंदवले, पण शिक्षणसंस्थांबाहेर ती रोज बोलणारे सुमारे ७२ हजारच होते. डब्लिनच्या रस्त्यावर ती अभावानेच कानावर पडते. म्हणून सुट्टीत गेल्टाख्टमध्ये, म्हणजे जिथे ती अजून घरात बोलली जाते अशा पश्चिमेकडील भागांत, एखाद्या कुटुंबात राहण्याचा खर्च आपल्या अंदाजपत्रकात आधीच धरावा. मन्स्टर, कॉनाक्ट आणि अल्स्टर या तिन्ही बोलींचे उच्चार वेगळे आहेत, १९५८मध्ये प्रसिद्ध झालेले प्रमाण व्याकरण मुख्यतः लेखनापुरते आहे. तेव्हा या बोलींचे अनुक्रमे केरी, कॉनमारा किंवा डनीगॉल यांपैकी एक प्रदेश निवडून निदान पहिली काही वर्षे त्याच बोलीला धरून राहावे.

आपले संस्कृत लक्षात घेता, मी मात्र आपल्याला प्राचीन आयरिशचा विचार आवर्जून करायला सांगेन. आठव्या-नवव्या शतकांत भिक्षूंनी लॅटिन ग्रंथांच्या पानांच्या कडेला आणि ओळींमध्ये लिहिलेल्या टिपा हा या भाषेचा मोठा आधार आहे. व्युर्त्सबुर्ग, मिलान आणि सेंट गॅलन येथील हस्तलिखितांत त्या सापडतात. तिची क्रियापदरूपे इतकी गुंतागुंतीची आहेत की ज्याने धातुरूपावली मनापासून पाठ केली आहे त्यालाच त्यांत गोडी वाटावी. आयरिश विद्वान विटली स्टोक्स यांनी तर एकोणिसाव्या शतकात भारतात कायद्याच्या मोठ्या पदांवर काम करीत असतानाच आयरिश ग्रंथांचे संपादन चालू ठेवले होते. हा अभ्यास सहसा एम. ए.च्या पातळीवर असतो, त्यामुळे दुसरी बी. ए. करण्याचा खर्चही वाचेल. डब्लिनच्या प्रगत अध्ययन संस्थेत १९४०पासून केल्टिक विद्येचा, म्हणजे आयरिश आणि तिच्या भगिनीभाषांच्या अभ्यासाचा, स्वतंत्र विभागही आहे.

नोकरीचा प्रश्न आपण विचारलेला नाही, तरी सांगते: २०२२पासून युरोपीय संघात आयरिशला पूर्ण कामकाजाच्या भाषेचा दर्जा असल्याने अनुवादकांना मागणी आहे. परंतु ती आधुनिक आयरिश उत्तम येणाऱ्यांना, आणि संघाच्या संस्थांतील कायम पदांसाठी सामान्यतः सदस्य देशाचे नागरिकत्व लागते.