लाखेच्या डबीवर वार्निश मारलं तर चालेल का?

नको, गोव्यातल्या कुंकळ्ळीहून घेतलेल्या कुंकवाच्या डबीची चमक पावसाळ्यात गेली म्हणून वार्निश मारायच्या भानगडीत पडूच नका. लाखकाम म्हणजे ब्रशने मारलेला पेंट नव्हे, चितारी लोक, म्हणजे हे काम करणारे कारागीर, लेथवर गरगर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात, घर्षणाने ती तापून वितळते नि लाकडावर पसरत जाते, मग वरून केवड्याचं पान दाबलं की आरशासारखी चकाकी येते, मी हे काम समोर बसून बघितलंय. आता स्पिरिटवालं पॉलिश लावलंत तर लाखच विरघळणार (सॅनिटायझरचा हातसुद्धा नको, रंग बोटाला येतो), आणि पॉलियुरेथेन (प्लास्टिकसारखा थर देणारं वार्निश) तिच्यावर नीट धरत नाही, पापुद्रे सुटतात. सुती कापडाने कोरडीच चोळा, फार तर चिमूटभर मेण, आणि हो, उन्हात वाळत ठेवू नका, लाख उष्णतेने मऊ पडते. फक्त टवका उडाला असेल तर घरी काही होणार नाही, परत लेथवरच चढवायला लागेल. आणि वर ब्रशने फुलंबिलं चितारलेली असतील तर तेवढा भाग चोळू नका.