खासगी वाहिन्यांना परवानगी कोणी दिली?

प्रश्न : दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणाचा अधिकार केवळ सरकारचा होता, असे वाचले आहे. मग १९९२ च्या सुमारास आमच्याकडे खासगी वाहिन्या कशा दिसू लागल्या? त्यासाठी कोणता कायदा झाला होता? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : कोणताही नाही; आधी वाहिन्या आल्या आणि मागाहून कायदा. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने हा अधिकार केंद्र सरकारकडे राखून ठेवला होता आणि १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक प्रसारण सुरू झाल्यानंतरची तीन दशके त्याला कोणी धक्का लावला नाही. मात्र हा अधिकार देशाच्या सीमेपुरताच चालणारा होता. १९९१ मध्ये स्टार टीव्हीने हाँगकाँगहून आशियासॅट-१ या उपग्रहामार्फत प्रसारण सुरू केले आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्हीनेही तीच वाट धरली. कार्यक्रम भारतात तयार होत, त्यांच्या फिती परदेशी जात आणि तेथून ते उपग्रहावर चढवले जात. त्यामुळे पाहणारा डिचोलीत असला, तरी कायद्याच्या नजरेत प्रक्षेपण परदेशातलेच ठरे.

ते घरात आणले केबलवाल्याने. गच्चीवर भलीमोठी तबकडी आणि तेथून माडांना, विजेच्या खांबांना गुंडाळत वाड्यावाड्यांत गेलेली काळी तार (जी पहिल्याच वादळी पावसात हमखास तुटे), एवढ्या भांडवलावर हा धंदा उभा राहिला. सरकारने त्याची रीतसर दखल घेतली ती थेट १९९४ च्या अध्यादेशाने आणि १९९५ च्या केबल अधिनियमाने.

खरा निवाडा झाला तो क्रिकेटच्या निमित्ताने. १९९३ च्या हीरो चषकाच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात जुंपली आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांवर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असा निर्णय दिला. पुढे खासगी वाहिन्यांना भारतातूनच उपग्रहाकडे प्रक्षेपण करण्याची मुभा मिळाली. मनोऱ्यावरून होणारे भूप्रक्षेपण मात्र दूरदर्शनकडेच राहिले. त्याच निकालात न्यायालयाने लहरींच्या नियमनासाठी स्वायत्त प्राधिकरण स्थापन करण्यास सांगितले होते. माझ्या मते निकालाचा गाभा तोच होता. पण २००४ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरण दर आणि वितरण यांकडे पाहत असले, तरी वाहिन्यांचे परवाने आजही माहिती व प्रसारण मंत्रालयच देते.