फ्रँकेन्स्टाइनवरचा बॅले पाहायचा आहे. शब्दच नसतात तर कथा कळते का? आधी कादंबरी वाचावी का?

कळते, पण कथानक ठाऊक असेल तर. अख्खी कादंबरी वाचत बसू नका, सारांश वाचला तरी पुरे. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा मृतदेहांचे तुकडे जोडून एक जीव तयार करणारा तरुण. त्या जीवाला स्वतःचं नावच नाही, फ्रँकेन्स्टाइन हे त्याचं नाव नव्हे. एवढा घोळ डोक्यातून गेला तरी निम्मं काम झालं.

मी गडचिरोलीतल्या वडशाकडचा, झाडीपट्टी नाटकांच्या मुलखातला. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली की आमच्याकडे रात्रभर नाटक चालतं आणि टाळ्या पडतात त्या संवादांना. त्यामुळे लंडनच्या रॉयल बॅलेच्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग (नृत्यरचना लियाम स्कार्लेट, संगीत लोवेल लीबरमन, 2016) भिंतीवर प्रोजेक्टर लावून पाहिलं, तेव्हा सोबत मुद्दाम एक दोस्त बसवला. तो नाटकांत खलनायक करतो. पहिल्या अंकात त्याची एकच भुणभुण, "हे बोलत काऊन नाहीत गा?"

त्याचं अगदीच चुकत नव्हतं. मेरी शेलीच्या 1818 च्या कादंबरीतला तो जीव भलताच बोलका आहे. एका कुटुंबाचं बोलणं लपून ऐकत भाषा शिकतो, मिल्टन या इंग्रज कवीचं काव्य वाचतो, आणि पुढे आपल्या निर्मात्यासमोर वकिलासारखी बाजू मांडतो. बॅलेत हे सगळं जातं. माझ्या मते हा मोठा तोटा आहे, आणि तो पूर्ण भरून निघत नाही. कादंबरीत असलेला बर्फातल्या जहाजाचा भागही गाळलाय, पण त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही.

मिळतं काय, तर शरीर. त्या जीवाची भूमिका करणारा, अंगभर टाके घातलेला नर्तक स्टीव्हन मॅकरे नुसता वाकडातिकडा चालत नाही. व्हिक्टरच्या घरच्यांचं नाचणं पाहून तो तसंच नाचू पाहतो, आणि भीतीपेक्षा कीवच जास्त येते. दोस्ताला मात्र त्याची पाठ आवडली. "चेहरा रंगवता येते, पाठ नाही रंगवता येत," म्हणाला. त्यानंतर कथा समजावून सांगायची वेळ माझ्यावर आली नाही.

पहिला अंक लांबलाय, हे आधीच सांगून ठेवतो. मेडिकलच्या पोरांचे आणि गुत्त्यातले सामूहिक नाच छान आहेत, पण कथा तिथेच घुटमळते. कंटाळून उठू नका, खरी पकड दुसऱ्या अंकात बसते.

रेकॉर्डिंग पाहणार असाल तर मोबाइलवर नको, पाय दिसायला हवेत. थिएटरात जाणार असाल तर अगदी पुढची रांग घेऊ नका, समूहाची मांडणी जरा मागूनच दिसते. आणि लहान मुलांना नेऊ नका. व्हिक्टरच्या छोट्या भावाचा, विल्यमचा, खून होतो आणि त्यापायी घरातल्या जस्टिन नावाच्या निर्दोष मुलीला फाशी होते. हे बिनशब्दांचं असलं तरी पोरांना नीट कळतं.