जत्रेतल्या ड्रॅगन ट्रेनमध्ये माणसं चढवा-उतरवायला फार वेळ जातो, तो कमी कसा करावा?

सारंगखेड्यासारख्या यात्रेत खरा वेळ फेरीत नाही, फलाटावर जातो. उतरणारे-चढणारे एकाच बाजूने घुसतात. मग पिशव्या, चपला, ‘भाऊ, आम्हाला शेजारी बसव’. 20 आसनांची गाडी 3 मिनिटांनी सुटली तर तासाला 400 माणसं, 2 मिनिटांनी सुटली तर 600.

उतरणं एका बाजूने, चढणं दुसऱ्या बाजूने ठेवा. कोण कुठल्या डब्यात बसणार ते रांगेतच ठरवा, पोरांची उंचीही तिथेच मोजा. माणसाला आसनात धरून ठेवणारी सुरक्षा दांडी तपासायला दोघं हवेत, दोन टोकांकडून मध्यापर्यंत येणारे. प्रत्येक दांडी हाताने ओढून बघायचीच; कितीही गर्दी असो, इथला सेकंदही वाचवू नका. मोठ्या पार्कात एकाच रुळावर एकाहून जास्त गाड्या असतील, तर फलाटावरची गाडी अडली, की मागचीला बाहेर ब्रेकवर थांबावं लागतं.