सुती दोऱ्याचा किचन टॉवेल: टाके किती, आणि कडा का वळतात?

दोन सुयांवर विणलेल्या टॉवेलच्या कडा गुंडाळत असतील, तर बहुधा तुम्ही एक ओळ सुलट, एक ओळ उलट विणताय. त्या विणीत पुढची-मागची बाजू सारखी ताणली जात नाही, म्हणून कडा वळतातच. इस्त्री केलीत तरी पहिल्या धुण्यात परत गुंडाळणार.

उपाय सोपा आहे. ४.५ मिमीच्या सुया आणि मध्यम जाडीचा सुती दोरा घ्या (१०० ग्रॅम पुरतो). ४५ टाके घाला, रुंदी साधारण २५ सेंमी येते. सगळ्या ओळी सुलटच विणा आणि ४० सेंमी झालं की टाके बंद करा. जरा नक्षी हवी असेल तर प्रत्येक ओळीत एक टाका सुलट, एक टाका उलट असं विणा. टाके विषम असल्यामुळे प्रत्येक ओळ सुलटानेच सुरू होते, मोजत बसावं लागत नाही.

सूत लोकरीसारखं ताणलं जात नाही. घट्ट विणलंत तर सुई टाक्यात शिरत नाही, दोऱ्याचे पदर सुटतात आणि एकच पदर उचलला जातो. तो टाका तिथेच उसवून पुन्हा घ्या, नाहीतर नंतर भोक दिसतं. टाके बंद करताना हात आणखी सैल सोडा, नाहीतर वरची बाजू आखडते.

नवा दोरा ओळीच्या सुरुवातीलाच जोडा, मध्ये गाठ नको. टोकं १० सेंमी ठेवून शिवणाच्या सुईने आत ओवा. ॲक्रिलिकचा (कृत्रिम) दोरा तर अजिबात नको: पाणी नीट शोषत नाही, गरम कढईला लागलं की वितळतं.