व्हिनेगरमधला लसूण घरी कसा घालायचा? तो निळा पडला तर टाकून द्यावा का?

दुसऱ्याच दिवशी पाकळ्या हिरव्या-निळ्या दिसल्या म्हणून तुम्ही अख्खी बरणी ओतून दिलीत. त्याची गरज नव्हती. पाकळीला इजा झाली किंवा तिच्यात आम्ल शिरलं, की तिच्यातलं एन्झाइम कामाला लागतं आणि गंधकाची संयुगं व अमिनो आम्लं मिळून हे रंग बनतात. थंडीत साठवलेल्या लसणात हे जास्त होतं. खायला तो अगदी चालतो.

पांढराच हवा असेल तर सोललेल्या पाकळ्या उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटं टाकून लगेच निथळून घ्या. एन्झाइम बरंचसं निकामी होतं. जास्त वेळ ठेवल्या तर मऊ पडतात आणि मग त्या खाण्यात मजा नाही.

अर्ध्या लिटरच्या काचेच्या बरणीसाठी सोललेला लसूण २५० ग्रॅम, ५ टक्के आम्लाचं पांढरं व्हिनेगर २२५ मिली, पाणी ७५ मिली, मीठ दीड छोटा चमचा, साखर एक मोठा चमचा. मिरी, मोहरी, सुकी मिरची तुमच्या आवडीने. त्यांच्यावर टिकाऊपणा अवलंबून नाही. तो आहे आम्लावर. म्हणून बाटलीवरचा टक्का वाचा. ४ टक्के असेल तर पाणी घालूच नका, ३०० मिली व्हिनेगरच घ्या. आंबट लागतं म्हणून पाणी वाढवू नये, साखर वाढवावी.

लसूण घट्ट, ताजा घ्या. पाकळ्या पंधरा मिनिटं कोमट पाण्यात भिजवल्या की सालं पटकन सुटतात. बुडाचा कडक भाग अगदी पातळ कापा. डागाळलेली, पोचट पाकळी बाजूला काढा. कोंब फुटलेली कडवट लागते, तीही नको.

बरणी आणि झाकण पाण्यात दहा मिनिटं उकळा. व्हिनेगर, पाणी, मीठ, साखर स्टीलच्या भांड्यात उकळी येईपर्यंत तापवा. तांब्या-पितळेचं किंवा ॲल्युमिनियमचं भांडं इथे वापरू नका, आम्ल धातू खातं. गरम बरणीत पाकळ्या भरा, वर गरम पाणी ओता (म्हणजे हे व्हिनेगरचं, साधं नव्हे), वरून बोटभर जागा सोडा. स्वच्छ सुरीने कडेने बुडबुडे काढा. सगळ्या पाकळ्या बुडालेल्या हव्यात, कारण बुरशी धरते ती वर डोकावणाऱ्या पाकळीला. झाकण पत्र्याचं असेल तर गंजतं, शक्यतो प्लॅस्टिकचं घ्या.

गार झाली की थेट फ्रीजमध्ये. आठवड्याने खाता येतो, पण तिखटपणा तीन आठवड्यांनी खरा उतरतो. काढताना कोरडा चमचा वापरा आणि तीन-चार महिन्यांत संपवा.

पाणी नुसतं जरा गढूळ दिसलं तर बहुतेक वेळा ते मिठातल्या गुठळ्या न होण्यासाठी घातलेल्या पदार्थामुळे असतं. झाकण फुगलं, फेस आला, पाकळ्या बुळबुळीत झाल्या किंवा वर बुरशी दिसली, तर चव न घेता फेकून द्या.

वरून तेल ओतायचं का, असंही तुम्ही विचारलं आहे. ओतू नका. कच्चा लसूण कमी आम्लाचा. नुसत्या तेलात त्याला हवा मिळत नाही आणि बाहेरच्या तापमानाला बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू विष तयार करू शकतात. वासाने किंवा रंगाने ते कळतही नाही. तेलातला लसूण हवा असेल तर थोडासाच करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.