पेनिसिलीनची ॲलर्जी आयुष्यभर राहते का?

तुमच्या आईंच्या फाइलवर वीस-बावीस वर्षांपासून लाल शाईत ‘पेनिसिलीन ॲलर्जी’ लिहिलंय, तेव्हा अंगावर पुरळ आलं होतं एवढंच घरच्यांना आठवतंय आणि आता गुडघा बदलायचाय. ॲलर्जी अजून असेल का आणि तपासायची कशी, हा तुमचा प्रश्न. मी सोलापुरात फिजिशियन आहे. ऑपरेशनआधी फिटनेसला येणाऱ्यांच्या फायलींवर हा शिक्का नेहमी दिसतो.

बहुतेक करून आईंना ॲलर्जी नाही. परदेशात असा शिक्का असलेल्यांची रीतसर तपासणी झाली, तेव्हा दहातल्या नऊंहून जास्त जणांना पेनिसिलीन व्यवस्थित चाललं. ज्यांना खरोखर असते, त्यांच्यातल्याही सुमारे ८० टक्के लोकांची दहा वर्षांत ओसरते.

म्हणून आधी चौकशी, सुई नंतर. औषध घेतल्यावर किती वेळाने पुरळ आलं? गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला? ॲडमिट करावं लागलं का? (नुसते जुलाब झाले असतील तर ती ॲलर्जी नव्हे.) आणि सगळ्यात कामाचं म्हणजे, त्यानंतर कधी ॲमॉक्सिसिलीन (हे पेनिसिलीनच्याच गटातलं) पोटात गेलंय का? दाढ दुखली, घसा धरला म्हणून मेडिकलमधून आणलेल्या कॅप्सूल कुणाच्या लक्षात राहत नाहीत. जुन्या चिठ्ठ्या काढून बघा. ते नाव सापडलं आणि तेव्हा काही झालं नसेल, तर निम्मं काम घरीच झालं.

चौकशीतून काय निघतं बघा. एमआयडीसीत टॉवेल शिवणाऱ्या एक मावशी माझ्याकडे यायच्या. हृदयाच्या झडपेचा जुना, सौम्य आजार, त्यासाठी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन. एकदा सुई टोचताच कोसळल्या. ‘रिॲक्शन’ लिहिलं गेलं, इंजेक्शन बंद. खोदून विचारलं तर एप्रिलची दुपार, पोटात सकाळपासून नुसता चहा आणि हे इंजेक्शन तर दाट, पांढरं, भयंकर दुखणारं. घाम फुटला, चेहरा पांढरा पडला आणि आडवं करताच शुद्धीवर आल्या. ना गांधी, ना दम. केसपेपरवर नाडी मंद असल्याची नोंदही होती. ॲनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीत, ती सहसा धावते. ही साधी घेरी. पुढे ॲमॉक्सिसिलीन देऊन खात्री केली आणि खाऊनपिऊन, झोपवून इंजेक्शन पुन्हा चालू केलं.

आता तपासणी. आपल्याकडे ‘टेस्ट डोस’ म्हणून कातडीत थेंबभर औषध टोचून पंधरा-वीस मिनिटांनी फोड बघतात. माझा त्यावर फारसा भरवसा नाही. रीतसर स्किन टेस्टला पेनिसिलीन शरीरात मोडून बनणारे घटक लागतात, शिवाय तुलनेला हिस्टामिन आणि सलाइनच्या टोचण्या. त्यात सर्दी-खाजेची गोळी चालू असेल तर असलेली ॲलर्जीही लपते.

आईंसारख्या कमी धोक्याच्या पेशंटला थेट ॲमॉक्सिसिलीनचा एक डोस तोंडाने देऊन निदान तासभर नजरेखाली ठेवतात. धोका ठरवायला पेन-फास्ट नावाचा सोपा स्कोअर आहे: घटना पाच वर्षांच्या आतली असेल तर २ गुण, ॲनाफिलॅक्सिस, सूज किंवा त्वचेची गंभीर रिॲक्शन असेल तर २, उपचार लागले असतील तर १. बेरीज तीनच्या खाली म्हणजे धोका कमी. पण हे घरी अजिबात करायचं नाही. ॲड्रेनलिन, ऑक्सिजन आणि ते वापरणारी माणसं हाताशी असतील तिथेच, मग सिव्हिल असो की खासगी. आणि तेव्हा कातडी सोलवटली होती, तोंडात फोड आले होते, असं काही निघालं तर ना टेस्ट, ना डोस. ते औषध कायमचं बंद.

गुडघ्याच्या बाबतीत सर्जन आणि भूलतज्ज्ञांशी आत्ताच बोला, ॲडमिट झाल्यावर नको. अशा ऑपरेशनला सेफॅझोलिन हे पसंतीचं अँटिबायोटिक, पेनिसिलीनचं नात्यातलं. शिक्का बघून ते टाळतात, व्हॅन्कोमायसिन किंवा क्लिंडामायसिन देतात आणि जखमेत जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण वाढतं. खरं तर सेफॅझोलिनच्या रेणूची बाजूची साखळी पेनिसिलीनशी जुळत नाही, त्यामुळे ॲलर्जी खरी असली तरी ते बहुतेकांना चालतं. त्याच्याच गटातल्या सेफालेक्सिनची मात्र ॲम्पिसिलीन या पेनिसिलीनशी जुळते, तिथे जपावं.

डोस पचला तर औषधाचं नाव आणि तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, जुन्या फाइलवरची ओळ डॉक्टरांकडून सहीनिशी खोडून घ्या.

आजीला ॲलर्जी म्हणून नातवालाही पेनिसिलीन देत नाही, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. त्याला स्वतःला कधी त्रास झाला नसेल, तर डॉक्टरांनी लिहिल्यावर खुशाल द्या.